न निजवलेल्या पिना

रात्रपाळी करून आलेल्या माणसानं भरदुपारी झोपायचं म्हणजे डासांशी आणि उन्हाशी हुज्जत. कलगोंडा मगदूम पंख्याखाली पडलाय. बायको राजमती लेकीला घेऊन जत्रेला गेलीय, घरात चिटपाखरू नाही. डोळा लागतो न लागतो तोच अंगाला धग जाणवते.

उशाशी भट्टीचं दार उघडं आहे. समोर स्टुलावर इमाम मिस्त्री बसलेत. याच मिस्त्रींनी त्याला कारखान्यात काम शिकवलं, आणि त्यांच्या मयतीला तीन वर्षं झाली. पण 'तुम्ही तर गेलात' असं उस्तादाला तोंडावर कसं म्हणायचं?

"काय रं, निजलास?"

"रातपाळी हुती, मिस्त्री."

"आनि त्या पिना निजल्या का?"

पोलाद लाल करून तेलात बुडवलं की काचेसारखं कडक होतं, आणि काचेसारखंच फुटतं. म्हणून पुन्हा मंद आचेवर दोन तास ठेवून त्याचा ताठा उतरवायचा. सगळा कारखाना त्याला टेंपरिंग म्हणतो. मिस्त्री एकटे 'निजवणं' म्हणत.

भट्टीच्या दारापलीकडे जत्रेचं मैदान आहे. आकाशपाळणा फिरतोय, पण खाली तेलाचा हौद आहे आणि एकेक पाळणा त्यात बुडून धुरासकट वर येतो. माणसं गच्च भरलीत, आवाज मात्र एकच, काच तडकल्यासारखा. टिक. जरा थांबून, टिक.

"लोखंड त्येच," मिस्त्री सावकाश बोलतात. "भट्टीतच गार झालं तर मऊ. हवेत झालं तर मधलं. तेलात झालं तर कुनाचं ऐकंना. पाळन्याच्या पिना तू कशात गार केल्यास?"

"तेलात."

"मग?"

"मग निजवल्या की. ट्रेवर खडूच्या दोन रेघा हायत."

"दुसरी कवा मारलीस?"

तेलातून काढल्यावर एक रेघ, निजवल्यावर दुसरी, असा रिवाज. पहाटे घरी पळायच्या घाईत कलगोंडानं दोन्ही एकदमच ओढल्या होत्या. भट्टी रिकामी झाली की ट्रे आत सारू म्हणून. ट्रे सारायचाच राहिला. सकाळी पिना न्यायला जत्रेतल्या पाळणेवाल्याचा टेंपो येणार होता, आणि दोन रेघा बघून कोण कशाला थांबवतंय?

टिक. वरच्या पाळण्यात पिवळ्या झग्यातली पोर हात हलवतेय. ती त्याची लेक अनुजा आहे.

"मिस्त्री, थांबवा की वो!"

"म्या कसा थांबवू? म्या गार झालेला मानूस," म्हणत मिस्त्री त्याचं मनगट धरतात आणि हिसका देतात.

तो उठतो तो फोनकडेच. भीतीनं आकडे दिसत नाहीत.

"काय वो?" राजमती ओरडते. "अनुजा पायरीवर हाय, आता आमचाच नंबर."

"तिला मागं ओढ! पाळना बंद करा म्हनावं, पिना कच्च्या हायत!"

फोनमधून तिची आरोळी येते, शिट्ट्या येतात, मग इंजिनाची घरघर एकदाची थांबते. कलगोंडा मटकन खाली बसतो आणि लहान पोरासारखा रडतो.

"उतरली सगळी," राजमतीला धाप लागलीय. "पर घरात बसून तुमास्नी कुनी सांगितलं?"

"मिस्त्रींनी."

तो मनगट उजेडात धरतो. चार काळी तेलकट बोटं उमटलीत, आणि तेल अजून कोमट आहे.