शेवंतीच्या कपाटाची दारं

गल्लीत त्याला सगळे छ्यामिस्त्री म्हणत. सुतारकामात त्याच्या तोडीचा माणूस आसपास नव्हता, पण लोकांनी नाव ठेवताना त्याच्या हाताकडे न बघता तोंडाकडे बघितलं. दुसऱ्या कुणाचं काम दिसलं की आधी त्याच्या नाकपुड्या फुगत, मग वरचा ओठ डावीकडून उचलला जाई आणि पाठोपाठ ते यायचं, "छ्या!" एकदा ओळखीच्या माणसाला बघायला तो दवाखान्यात गेला. तो बिचारा खाटेवर विव्हळत होता आणि हा खाटेखाली वाकून म्हणत होता, "स्क्रू हातोडीनं ठोकलाय. पिळलेलाच नाही. अशा खाटेवर माणूस बरा कसा होणार?"

बायको म्हणायची, "पोटात काही बिघडलंय का तुमच्या? तपासून तरी या." बिघडलं काहीच नव्हतं. काहींना पालीची किळस असते, काहींना दुधावरच्या सायीची, तशी त्याला फटीची होती. दोन फळ्या जिथे भेटतात तिथे नख गेलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. बाकी माणूस सज्जन. भाजीत मीठ कमी पडलं तर मुकाट्यानं जेवायचा.

दोन गल्ल्या सोडून त्याची धाकटी बहीण राहायची. दुसऱ्या मजल्यावर भाड्याची एक खोली आणि स्वयंपाकघर. खोलीला एकच खिडकी, पण मोठी आणि भरपूर उजेडाची. त्या खिडकीशी शिलाई मशीन मांडून ती शर्टांना काजं-बटणं करायची. बहुतेक संसार त्या मशीनवरच चालायचा, कारण तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायला होता आणि आठवड्यातून दोन दिवस त्याची पाठ दुखायची. पाठ दुखत नसे तेव्हा तो शेवंती लावायचा.

शेवंतीला कुणी नाव ठेवणार नाही. पण घरमालकीण खालच्याच मजल्यावर राहायची, आणि खिडकीतल्या कुंड्यांचं पाणी झिरपून तिच्या छतावर तपकिरी डाग पडला होता. ती वर आली, कुंड्या बघितल्या आणि सरळ सांगून गेली, "पुन्हा घरात एक जरी कुंडी दिसली, तर त्याच दिवशी खोली खाली करायची. मग पाया पडलात तरी ऐकायची नाही."

दाजींनी कुंड्या उचलल्या आणि जुन्या कपड्यांच्या कपाटात ठेवल्या. वर जांभळ्या उजेडाचा दिवा टांगला. समोरच्या घरातली पोरं विचारायला लागली, "तुमचं कपाट का चमकतं?" तेव्हा बहिणीनं भावाला बोलावलं.

मिस्त्रीनं कपाट उघडलं आणि दोन पावलं मागे सरला. आत कचऱ्याच्या काळ्या पिशव्या चिकटपट्टीनं डकवलेल्या होत्या. दिव्याच्या उष्णतेनं पट्टीचा डिंक पाघळून गुळासारखा ओघळला होता, त्यात चिलटं मरून पडली होती. तळाची फळी चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी फुगलेली. कोपऱ्यात हिरवं बुळबुळीत काहीतरी. आणि वास! हाडांचं खत, कुजकी पानं आणि ओलं पायपुसणं एकत्र शिजवलं तर जसा सुटेल तसा.

"छ्या! हे कपाट आहे का गटार?"

"दादा, तुम्हाला त्यातलं कळत नाही," दाजी म्हणाले. "शेवंतीला कळी धरायची तर रोज चौदा तास मिट्ट काळोख लागतो. मधे सुईएवढा उजेड घुसला तरी ती रुसते. आणि दहा तास दिवा चालू असतो, तेव्हा बाहेर सुईएवढाही दिसता कामा नये. तुम्ही फक्त दारं करा. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, साधं कपड्यांचं कपाट आहे."

"कुंड्या फेका. दारांची गरजच नाही."

दाजी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. बहीण हळूच म्हणाली, "मागे एकदा फेकल्या होत्या मी. तीन महिने बोलले नाहीत. जेवताना भिंतीकडे तोंड करून बसायचे."

"मग चांगलंच की."

"दादा, चेष्टा नको. ती बाई केव्हाही वर येईल. खोली गेली तर मी मशीन कुठे मांडू? एवढ्या उजेडाची खिडकी मिळतेय का कुठे?"

मिस्त्रीनं खिडकीकडे बघितलं, बहिणीच्या डोळ्यांखालच्या काळ्या कडांकडे बघितलं, आणि खिशातून टेप काढला.

मग सुरू झाले त्याच्या आयुष्यातले सगळ्यात किळसवाणे चार दिवस. दाजींनी आधीच सनमायका आणून ठेवला होता. सागवानाच्या शिरा छापलेला. मिस्त्री तो उन्हात धरून बघत राहिला. "दर फुटावर तीच गाठ आहे. असलं झाड कुठे उगवतं, दाजी? छापखान्यात?" तरी त्यानं तो चिकटवला, कारण बहीण बघत होती.

दारं मात्र त्यानं आपल्या पद्धतीनं केली. उजेड हा सरळमार्गी गृहस्थ, त्याला वळण घेता येत नाही, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. फटींशी आयुष्यभर भांडून कळलेलं होतं. म्हणून त्यानं दाराच्या चारही कडांना एकाच्या आत एक अशा दोन खाचा काढल्या, चौकटीला तशाच दोन उलट्या, आणि खाचेत बनातीचं काळं जाड लोकरी कापड डकवलं. प्रत्येक दाराला वरपासून खालपर्यंत एकच लांब बिजागरी. हवेसाठी मागे एक खोका, आत तीन आडव्या फळ्या, एक डावीकडून, एक उजवीकडून, पुन्हा एक डावीकडून, सगळं काळं रंगवलेलं. हवा वळसे घेत जाईल, उजेड पहिल्याच फळीवर डोकं आपटून पडेल. झाडांखाली पाणी अडवायला पत्र्याचा ट्रे. पटाशीनं खाच साफ करताना तो स्वतःशी पुटपुटत होता, "एवढं काम कुणा भल्या माणसाच्या देवघराला केलं असतं तर..."

सगळ्यात वाईट म्हणजे मूठ. दाजींना कपाट बंद दिसायला हवं होतं, कुणी ओढलं तरी उघडू नये असं. म्हणून दाराला एक पितळी मूठ बसवायची, नुसती दिसायला, आणि खरा खटका तिच्या वर वीतभर अंतरावर, सनमायक्याच्या आत दडवायचा. बाहेरून दोन बोटांनी दाबलं की दार उघडायचं. खोटी मूठ बसवताना मिस्त्रीनं तोंड फिरवलं. तीस वर्षांत त्यानं वाकडी मूठ बसवली नव्हती, आणि आता खोटी!

चौथ्या दिवशी दुपारी दारं लागली. आता तपासायचं. याची रीत एकच, आत माणूस बसवायचा, दार लावायचं, डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबायचं आणि कुठे उजेडाची चांदणी दिसते का बघायचं.

"दाजी, शिरा आत."

"माझा गुडघा..."

"पाठ होती ना?"

"दोन्ही."

शेवटी दिवा बंद करून मिस्त्रीच शिरला. नऊ कुंड्यांच्या मधोमध, पत्र्याच्या ट्रेवर, गुडघे हनुवटीला लावून. बहिणीला म्हणाला, "हाक मारली की दाब. हा खटका आतून उघडत नाही. आत बसायची वेळ कुणावर येईल असं मला वाटलंच नव्हतं."

खट्. काळोख. बाहेर बहिणीचं मशीन पुन्हा सुरू झालं.

आधी वास आला, मग ओल. ट्रेमधलं पाणी पँटीतून हळूहळू वर चढायला लागलं. एक चिलट नाकात शिरलं. कुजकं पान मानेला चिकटलं, ते काढायला हात वर करायला जागा नव्हती. मिस्त्रीनं डोळे ताणले. वर बघितलं, खाली बघितलं, बिजागरीच्या रेषेवरून नजर फिरवली. काही नाही. एकही चांदणी नाही. भर दुपारी, त्या मोठ्या खिडकीसमोर, एवढा काळोख त्यानं बनवला होता! घाणीत बसून त्याची छाती जराशी फुगली.

तो हाक मारणार, तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं.

"काय चाललंय घरात?" घरमालकिणीचा आवाज. "माझं छत पुन्हा ओलं झालंय. डाग पलंगापर्यंत आला. कुंड्या आणल्यात का परत?"

"छे हो काकू!" दाजींचा आवाज लोण्यासारखा मऊ झाला. "तुम्ही एकदा सांगितलंत, विषय संपला. बघा ना, एक पान तरी दिसतंय?"

पावलं फिरली. खिडकीपाशी, स्वयंपाकघरात, मग परत.

"हे कपाट नवीन?"

"रेडिमेड. मोठ्या शोरूममधून आणलं. इथल्या सुतारांना असलं कुठे जमतं?"

आत मिस्त्रीनं दात आवळले. मूठ ओढल्याचा आवाज आला. कपाट हललं नाही.

"उघडत का नाही?"

"किल्ली हरवलीय काकू. बनवून आणतोय."

"मग छत कशानं भिजतंय? आभाळातून?"

मग दाजी खालच्या आवाजात म्हणाले, घरातली लाज नाइलाजानं उघडी करावी लागते तसे, "काय सांगू काकू. ही ऐकतच नाही. मशीनपाशी बादली घेऊन बसते, कपडे भिजवते, तिथेच पिळते. मी किती वेळा सांगितलं."

मशीनचं चाक फिरत होतं ते थांबलं.

"अगं, खरं का हे?" घरमालकीण म्हणाली. "गप्प का? लाज नाही वाटत? मग ते मशीन उचल आणि दुसरीकडे जा. माझ्या डोक्यावर असली ओली कामं नकोत."

मिस्त्रीनं ऐकलं. ठोकायला त्यानं मूठ आवळून हात उचलला. एक ठोका दिला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण नेमकी त्याच वेळी घरमालकीण रागाच्या भरात कपाटाला हात टेकून उभी राहिली होती, आणि तिचा तळवा दारावरून सावकाश फिरल्याचा आवाज आत आला. "बसवलंय मात्र छान," ती स्वतःशीच म्हणाल्यासारखी म्हणाली. "नख जात नाही कुठे." आणि मिस्त्रीचा हात हवेत तसाच राहिला. आता ठोकलं तर दार हादरेल, बनात निसटेल, बाईला वाटेल खिळखिळं आहे. हे त्याच्या मनात आलं. खरंच आलं.

मग मशीनची खुर्ची सरकली. चार पावलं. दाजी म्हणाले, "अगं, काय करतेस?" आणि खट्.

उजेड डोळ्यांत घुसला. समोर बहीण उभी, दोन बोटं अजून दारावर.

"अगं बाई!" घरमालकीण मागे सरकली. "हा कोण?"

"माझा भाऊ. सुतार आहे. दारं यानं केलीत, शोरूमनं नाही. कुंड्या ह्यांच्या. पाणीही ह्यांचंच. मी काजं करते, काकू. काजं कोरडीच करतात."

घरमालकिणीनं कुंड्या मोजल्या, मग कुंड्यांमधल्या माणसाकडे बघितलं. त्याच्या डोक्यावर एक पिवळं पान होतं.

"आत काय करत होतात?"

"फट बघत होतो."

"सापडली?"

"नाही."

ती बराच वेळ दाजींकडे बघत राहिली. अळी निघालेलं फळ हातात आल्यावर बघावं तसं. मग बहिणीला म्हणाली, "खोली खाली करायला सांगणार होते. पण खरं बोलणारं एक माणूस तरी आहे वर. दिवे लागायच्या आत हे सगळं घराबाहेर गेलं पाहिजे. आणि उद्या ये माझ्याकडे, खोलीचा करार तुझ्या नावानं करू. ह्यांच्याशी मला बोलायचं नाही."

ती जिना उतरून गेली. दाजी कुंड्यांपाशी बसले. "कळ्या धरत होत्या," ते म्हणाले. मग ते एकेक कुंडी उचलून खाली नेऊ लागले. पाठ आणि गुडघा दोन्ही शाबूत होते.

मिस्त्री बिजागरीचे स्क्रू उलटे पिळायला बसला. पँट पायाला चिकटली होती. बहीण फरशी पुसत होती. पुसता पुसता तिनं विचारलं, "रागावलास?"

"राग नाही. किळस आली."

"ह्यांची?"

"ह्यांची जुनीच आहे." त्यानं एक स्क्रू काढला, खिशात टाकला. "मी ठोकायला हात उचलला होता. तू उठायच्या आधी. ती बाई तेव्हा दाराचं कौतुक करत होती. म्हणून थांबलो."

बहिणीचं फडकं थांबलं. "सगळं ऐकलंस?"

"शब्दन् शब्द."

ती त्याच्याकडे बघत होती, पण मिस्त्रीला मान वर करता आली नाही. शेवटचा स्क्रू निघाला. त्यानं दार उचलून खिडकीला टेकवलं आणि दुसऱ्या दाराकडे वळला. मागे बहिणीनं फडकं बादलीत टाकलं, हात पदराला पुसले आणि मशीनवर बसून सुईत दोरा ओवायला लागली. दोनदा चुकला.

"दादा," ती म्हणाली, "ते दार आधी खाली ने. मला दिसत नाही."