हलकी गोळी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. वैशालीलासुद्धा नाही — आणि ती माझ्या बुटांच्या आवाजावरून माझा दिवस कसा गेला ते ओळखणारी बायको आहे. आता तुम्हाला सांगतोय, तर एक विनंतीवजा सूचना: माझ्या प्रत्येक वाक्यावर थोडा संशय ठेवा. या गोष्टीला वळसा कुठे घालायचा, हे मला इतक्या वर्षांत पाठ झालंय.

दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. जर्मनीत हेर्त्सोगेनआउराखला नोकरी, आणि राहायला दहा-बारा किलोमीटरवरचं खेडं. इथे आलेले आपले लोक स्कीइंग शिकतात, मी शिकारीचा परवाना काढला. वर्षभर अभ्यास, लेखी परीक्षा, तोंडी परीक्षा. कशासाठी? जंगलाची ओढ वगैरे मी लोकांना सांगायचो. खरं म्हणजे गावात मला कुणीतरी व्हायचं होतं.

त्या परीक्षेत एक गोष्ट डोक्यात ठोकून बसवतात. रे नावाचं इथलं छोटं हरीण, आपल्या भेकराएवढं, त्याला हलकी गोळी चालते. रानडुकराला नाही. साडेसहा मिलिमीटरच्या खाली नाही, आणि शंभर मीटरवर गोळीत दोन हजार ज्यूल तरी जोर उरला पाहिजे. कायदाच आहे तसा. कायदा नसता तरी कारण साधं आहे — डुकराच्या खांद्यावरची कातडी आणि चरबी चिलखतासारखी. हलकी गोळी तिथेच फुटते. जनावर मरत नाही. पळतं, आणि मग मरत राहतं.

हे मला तोंडपाठ होतं. ऑफिसात साध्या ब्रॅकेटलाही मी दुप्पट सेफ्टी फॅक्टर मागायचो. ज्युनिअर पोरं वैतागायची.

माझ्याकडे आठ मिलिमीटरची रायफल होती, हेर फोख्टनी, म्हणजे फोख्टसाहेबांनी, पसंत केलेली. फोख्ट म्हणजे आमच्या भागातल्या शिकारीचे हक्क ज्यांच्याकडे होते ते. त्यांनी सांगितलं तरच तुम्ही त्या जंगलात बंदूक घेऊन जाणार. ती रायफल मी सगळ्यांना दाखवायचो. फक्त एक सांगायचो नाही — मला तिची भीती वाटायची. रेंजवर चार गोळ्या झाडल्या की खांदा काळानिळा, आणि पाचव्या गोळीला चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायचे. चाळिशीचा माणूस, दणक्याला भिऊन डोळे मिटतो. कुणाला सांगणार? मी गुपचूप दुसरी घेतली, पाच पॉइंट सहाची, हलकी, लोण्यासारखी चालणारी. शस्त्रपरवान्याच्या कार्डावर रीतसर नोंदवली. फोख्टना सांगितलं नाही.

इथपर्यंत गुन्हा नाही, बरं का. म्हणूनच इथे जरा रेंगाळलो.

दोन वर्षांत माझ्या हातून एकही डुक्कर पडलं नव्हतं. मक्याचं नुकसान होतंय म्हणून शेतकरी फोख्टच्या डोक्यावर बसलेले. दर गुरुवारी आम्ही गावातल्या गास्टहाउसमध्ये बिअर प्यायला जमायचो, आणि फोख्ट ग्लास उचलून म्हणायचे, "आमच्या हेर इंजिनिअरांचं गणित बरोबर येतं. डुक्कर तेवढं येत नाही." सगळे हसायचे. मीही.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी संध्याकाळी मी मचाणावर बसलो होतो. मांडीवर हलकी रायफल. रे आलं तर मारायचं, एवढंच ठरवलेलं. चांगला उजेड होता. आणि मक्यातून ते बाहेर आलं — एकटं, मोठं, चाळीस पावलांवर. माती हुंगत उभं राहिलं.

मी काय केलं पाहिजे होतं? काहीच नाही. बसून राहायचं होतं.

मी मनात हिशेब मांडला. चाळीस पावलं म्हणजे जवळ. जवळ म्हणजे जोर जास्त. म्हणजे पुरेल. माझ्या हाताखालच्या कुणी असलं गणित आणलं असतं तर कागद तोंडावर फेकला असता. मी चाप ओढला. डुक्कर खाली बसल्यासारखं झालं, ओरडलं, उठलं आणि पुढचा एक पाय लोंबवत झाडीत गेलं.

नियम असा की जागेवर खूण करायची आणि माग काढणाऱ्या कुत्र्यासाठी फोन करायचा. मी खाली उतरलो. पानांवर रक्त होतं, राठ केस होते, हाडाची एक कपची होती. फोन खिशात होता. फोन केला असता तर पहिला प्रश्न आला असता: कुठल्या बंदुकीने?

मी बुटाने पालापाचोळा त्याच्यावर ओढला. नीट. कडेपासून मध्यापर्यंत.

घरी मुलीने जर्मनमध्ये विचारलं, काही मिळालं का. मी मराठीत म्हणालो, "दिसलंच नाही काही." वैशाली म्हणाली, "अहो, मग आज इतक्या लवकर कसे?" मी हात धुवायला गेलो.

तिसऱ्या दिवशी व्हिक्टरच्या कुत्रीला ते सापडलं. जिवंत. व्हिक्टर कझाकस्तानातून आलेला जर्मन, सुतारकाम करायचा, फोख्टच्याच परवानगीने शिकार करायचा. कुत्रीला फिरवायला नेली होती, ती ओढ्याकडे ओढत गेली. डुकराने तिची मांडी फाडली. व्हिक्टरने डुकराला यातनांतून सोडवलं, एका गोळीत, आणि त्याच दिवशी फोख्टना कळवलं. गुरुवारी त्याने डुकराच्या खांद्यातून काढलेल्या, गोळीच्या तांब्याच्या पातळ कपच्या रुमालात बांधून आणल्या, टेबलावर ठेवल्या आणि म्हणाला, "हे ज्याने केलं त्याच्या हातात बंदूक नको."

नजरा फिरू लागल्या. प्रत्येकजण प्रत्येकाकडे बघत होता, माझ्याकडे सोडून. माझी तर आठ मिलिमीटरची. शिवाय भारतीय, इंजिनिअर, बायको अंडंसुद्धा न खाणारी! व्हिक्टरकडे मात्र हलकी रायफल होती. त्याने ती कधी लपवली नव्हती.

"जनावर नेमकं तुलाच बरं सापडलं," फोख्ट त्याला म्हणाले.

तेवढंच. कुणी आरोप केला नव्हता. ते वाक्य हवेत विरूनही गेलं असतं.

मी म्हणालो, "शनिवारी संध्याकाळी त्याची गाडी तिकडे उभी होती."

गाडी उभी होती. त्याच्या आधीच्या शनिवारी. मला कुणी विचारलंही नव्हतं.

व्हिक्टरने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, एखादं माप पुन्हा घ्यावं तसं. "मी शनिवारी घरी होतो," तो म्हणाला. बायकोशिवाय साक्षीदार नव्हता. महिन्याभरात त्याची परवानगी गेली. पोलीस वगैरे काही नाही, जंगलातलं जंगलात. गावात त्याला कामं मिळेनाशी झाली आणि तो पलीकडच्या गावात राहायला गेला.

त्यानंतर मी सगळ्यांवर संशय घेत जगलो. फोख्टनी रायफल पाहायला मागितली की का मागितली? वैशाली कपाट आवरतेय की शोधतेय? हलकी रायफल मी विकली. मोठीची सवय करून घेतली, खांदा सुजवून. भीती जाते हो. दोन महिन्यांत जाते. तेवढेच दोन महिने लागणार होते.

तीन वर्षांनी मी एक डुक्कर आठ मिलिमीटरने मारलं. गोळी बरोबर बसली, तरी ते काटेरी झुडपांत गेलं. फोन करावाच लागला. त्या दिवशी जवळपास माग काढणारी कुत्री फक्त व्हिक्टरची. तो आला. कोण बोलावतंय हे त्याने विचारलंच नव्हतं, जनावर कुठे आहे एवढंच विचारलं होतं.

कुत्री मागचा पाय जरा ओढत चालायची. दोनशे पावलांवर डुक्कर मरून पडलं होतं. व्हिक्टरने गुडघ्यावर बसून जखमेत बोट घातलं, मग पलीकडच्या बाजूने गोळी जिथून बाहेर पडली ते भोक पाहिलं. इथली रीत अशी की माग काढणारा झाडाची एक डहाळी तोडतो, जनावराच्या रक्ताला लावतो आणि मारणाऱ्याला मानाने देतो. मारणारा ती टोपीत खोचतो. त्याने ओकची डहाळी तोडली, रक्ताला लावली, रिवाजाप्रमाणे स्वतःच्या टोपीवर ठेवून माझ्यापुढे धरली.

"या वेळी गोळी पुरेशी मोठी होती," तो म्हणाला.

आजूबाजूला कुणी नव्हतं. तो थांबला होता. बराच वेळ थांबला होता.

मी डहाळी घेतली, टोपीत खोचली आणि त्याचे आभार मानले.