आभाराचा कागद

ऐंशी सालच्या आसपास नाशिकला जुन्या मंडईच्या वर एक मोठं सभागृह होतं. तिथे सभा संपत आली हे घड्याळ बघून कळायचं नाही. आमचे दादा माइककडे निघाले की लोक चपला शोधायला लागत, त्यावरून कळायचं.

दादा म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत कारकून. सभा पुढाऱ्याची असो, पुस्तकाची असो की कुणाच्या सत्काराची, आभार मानायला दादाच. दुसऱ्या कुणाला ते काम नकोच असायचं. अध्यक्ष लांबलेले, येवल्याच्या लोकांना शेवटची एसटी गाठायची, बायकांना मंडई उठायच्या आत भाजी घ्यायची. दादांनी खिशातून कागद काढला की सतरंज्यांवर चुळबुळ सुरू.

"तू मात्र शेवटपर्यंत बैस," ते मला दर वेळी सांगायचे. "समोर एक तरी ओळखीचा चेहरा असला की मला नीट वाचता येतं."

एवढंच मागणं होतं त्यांचं. मी बसायची, पण कशी? पाय हलवत, ओढणीचं टोक पिळत, दाराकडे बघत. दादा माइकवाल्यापासून पाण्याचा माठ भरणाऱ्या बाईपर्यंत एकालाही सोडायचे नाहीत. त्यातून गॅलरीतल्या कर्ण्याचं तोंड खाली मंडईकडे, त्यामुळे कांदे-बटाटे घेणाऱ्यांनाही ते सगळं ऐकू जायचं. दुसऱ्या दिवशी कॉलेजात मैत्रिणी हमखास टर उडवायच्या. "काल माठवालीचे झाले गं, माठाचे राहिले." त्या मेल्यांवर चिडायचं सोडून मी दादांवरच चिडायची. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा खरंच राग यायचा.

मग दादांची चांदवडला बदली झाली. तिथून संध्याकाळच्या सभेला पोचणं जमणार नव्हतं, म्हणजे जाण्याआधीच्या गुरुवारच्या सभेचे आभार शेवटचे. हे मला पक्कं ठाऊक होतं. दादांनी आदल्या दिवशी दोनदा कागद लिहून काढला होता आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता. निघताना आईने माझ्या हातात पिशवी दिली. "येताना मेथी आण. मागच्या वेळसारखी उरलीसुरली नको."

पाहुणे बोलले दीड तास. माझं अर्धं लक्ष खाली. एकेक टोपली रिकामी होत असणार, आणि घरी जाऊन बोलणी मीच खाणार. दादा उठले, तशी माझ्या पुढची बाई उठली, तिच्यामागे तिची जाऊ, मग अख्खी रांग. दादांनी चष्मा लावला, कागद उलगडला, खाली मान घातली. आणि मीही उठले. पिशवीचं निमित्त होतंच की हातात. जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले तेव्हा कुठे मोकळा श्वास घेतला.

आमची भाजीवाली मखमलाबादची, तीही बसच्या घाईत. "घे वं पोरी, दोनच जुड्या राह्यल्या," म्हणाली. मग वर कर्ण्याकडे बघून, "आज लय मोठ्यानं बोलून राह्यला तुझा बाप."

खरंच आवाज चढलेला होता. माइकवाल्याचे झाले, सतरंज्या घालणाऱ्यांचे झाले, माठवालीचे झाले. मी जुडी उलटसुलट करून बघत होते. मग कर्ण्यातून आलं, "आणि शेवटी माझी मुलगी. ती प्रत्येक सभेला शेवटपर्यंत बसली. तिचे आभार मानायचे राहून गेले होते, ते आज मानतो."

पुढे नुसती खरखर, आणि मग माइक बंद झाला.

भाजीवाली माझ्याकडे बघत राहिली. मेथी कशीतरी पिशवीत कोंबली आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. वर जायचा धीर होईना. माणसं उतरत होती, एसटीच्या वेळा विचारत होती. सगळ्यांत शेवटी दादा आले, कागदाची घडी घालत. माझ्या हातातली पिशवी घेतली, आत वाकून पाहिलं.

"चांगली मिळाली मेथी," म्हणाले.

"दादा, मी खाली होते," मी म्हटलं.

"माहीत आहे," ते म्हणाले. "तुला उठताना बघितलं. म्हणून तर जरा मोठ्यानं वाचलं."