गाडीसाठी ओढलेली मोठी लाइन

बसा. चहा ठेवला आहे. माणूस स्वतःच्या हातानं स्वतःचं वाटोळं कसं करतो, ते आज सांगतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्ये हसलेलं मला चालत नाही.

मी आलापल्लीच्या पुढं राहतो. शाळा चौथीपर्यंत. पण काळी-पिवळी जीप भामरागडच्या रस्त्यावर मी उभी हयात चालवली. डिझेलचा माणूस. नाल्यापलीकडं गाडी वाजली की घरात बसून सांगत असे, ही कोणाची आणि तिचं काय दुखतं.

बायको गेली. एकच मुलगी, वंदना. जावई ऊर्जानगरला वीज केंद्रात कामाला, तिथंच क्वार्टर. त्यांची आधी पेट्रोलची गाडी होती. सकाळी यायचे, जेवायचे आणि हात धुतले की वंदना म्हणायची, "बाबा, उजेडात निघतो." मीही म्हणायचो, "निघा." दुसरं काय म्हणणार?

तर जावयानं विजेवरची गाडी घेतली. फोनवर मला सांगितलं. मी म्हटलं, "तो काय फ्रिज आहे प्लग लावाले? जंगलात बंद पडली तर डिझेलची कॅन आणता येते. विजेची कॅन कुठून आणसान?"

"मामाजी, मले रोज क्वार्टर ते प्लँट जावं लागते. बाजार, दवाखाना. तेवढ्याले लय सस्ती पडते. आवाज नाई, धूर नाई."

"आवाज नाई तर ती गाडी कसली?"

हे मी शेजारच्या मंगरूलाही ऐकवलं. चहाच्या टपरीवर ऐकवलं. ज्याला कान होते त्या सगळ्यांना ऐकवलं.

आता माझी एक सवय सांगतो, बाहेर बोलू नका. मुलगी यायची असली की मी सकाळपासून फाटकात उभा राहतो. नाल्यावर तिची गाडी वाजली की घरात जातो, खाटेवर बसतो. तिनं हाक मारली की मग बाहेर येतो. वाट पाहत होतो असं दिसायला नको.

ही नवी गाडी आली ती वाजलीच नाही. मी फाटकाला धरून, मान लांब करून रस्त्याकडं पाहतो आहे आणि गाडी माझ्या पायापाशी उभी.

वंदना काच खाली करून म्हणाली, "बाबा, वाट पाहून राह्यले होते का?"

"कुत्र्याले पाहत होतो."

"कोणतं कुत्रं?"

"गेलं ते."

जावयानं प्लग लावला. माझ्या घरची वायर जुनी. थोड्या वेळानं हात लावून पाहिली तर गरम. जावई ओशाळला. "मामाजी, येऊन-जाऊन पुरत नाई एवढी बॅटरी. हळूहळू भरा लागते. उद्या दुपारपर्यंत लागंल."

वंदना म्हणाली, "मंग राहावं लागते."

मी मोठ्यानं कुरकुर केली. "काय गाडी आहे. बाळंतिणीसारखी घरात ठेवा लागते." आणि मागच्या दारी जाऊन मंगरूकडून कोंबडी आणली.

त्या दिवशी वंदनानं चूल पेटवली. माझ्या उशांना खोळी घातल्या. रात्री अंगणात खाट टाकून आईच्या गोष्टी काढल्या. मी फक्त हुं म्हणत होतो. पण तिच्या लग्नानंतर त्याआधी कधी ती या अंगणात झोपलेली मला आठवत नाही. पेट्रोलनं ते कधी होऊ दिलं नाही.

पुढच्या खेपेला तर वादळानं लाइनच गेली. दोन रात्री राहिले. जावई सारखा खांबाकडं पाहायचा. मीही पाहायचो. आमची दोघांची मागणी वेगवेगळी होती.

निघताना जावई म्हणाला, "मामाजी, आमच्यामुळं तुमाले लय त्रास होते. आता पुढच्या वेळी भावाची पेट्रोलची गाडी मागून आणतो. दुपारी वापस."

मी त्याला पुढं बोलूच दिलं नाही. म्हटलं, "काही गरज नाई. पेट्रोल म्हणजे नुसता वास. एकदा नळी फुटली की माणूस जंगलात बसला. सूरजागडच्या खाणीच्या ट्रकाईनं रस्त्यावर आधीच धूर करून ठेवला, त्यात आपला कशाले? गाडी पाहिजे तर विजेचीच."

मंगरू कुंपणापाशी उभा होता. तो म्हणाला, "भाऊ, तुमीच त म्हणत होते का फ्रिज आहे म्हणून."

"फ्रिज वाईट असते का?"

जावई भला माणूस. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला गाडी पटली. तो म्हणाला, "गाडीत खोट नाई मामाजी. तुमच्या घरची लाइन कमजोर आहे."

तिथं माझं डोकं फिरलं. माझ्या घरची? कमजोर? सगळ्या रस्त्यानं ज्याला गाडीची नस विचारली, त्याच्या घरची लाइन कमजोर? "पुढच्या महिन्यात ये," म्हटलं, "मंग सांग."

आणि लागलो ना कामाला. वीज ऑफिसात खेपा घातल्या, लोड वाढवून घेतला. खांबापासून घरापर्यंत जाड केबल ओढली. अर्थिंगला खड्डा लागतो. वायरमन सुधाकर म्हणाला, "भाऊ, मजूर सांगा." मी म्हटलं, "मजूर काऊन? माझे हात मेले का?" छातीएवढा खड्डा मी खोदला. त्यात कोळसा, मीठ, पाणी. जावयाकडं गाडीसोबत आलेलं चार्जिंगचं मोठं डबडं होतं. मोठ्या लाइनशिवाय चालत नाही म्हणून पडून होतं. ते मागवून भिंतीला ठोकलं. गाव पाहायला आलं. मी खुर्ची टाकून बसलो होतो, जणू वीज केंद्र माझंच.

ते यायच्या दिवसासाठी नवी चादर आणली. दुसरी खाट विणून घेतली. संध्याकाळसाठी कोंबडी सांगून ठेवली. यावेळी फाटकात नाही, आधीच खाटेवर बसलो. शहाणा झालो होतो.

गाडी आली. डबड्याला जोडली. हिरवा दिवा लागला. वायर गरम नाही, काही नाही. जावई म्हणाला, "वा मामाजी!" मी मिशीला हात लावला.

दुपारी आंबाडीची भाजी, भात. जेवण झालं. जावयानं मोबाइल पाहिला. "मामाजी, अर्ध्याच्या वर गेली."

"काय गेली?"

"बॅटरी. भरून राह्यली ना."

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा काहीतरी हललं. चहाच्या वेळेला हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला.

"झाली फुल," जावई म्हणाला.

वंदनानं पिशवी उचलली. "बाबा, तुमी लय केलं आमच्यासाठी. आता तुमाले रात्रभर आमची झंझट नाई. उजेडात निघतो."

ती दारात थांबली. माझ्याकडं पाहत होती. मी म्हणालो, "निघा. ट्रका असतात."

पेट्रोलची गाडी गेली तरी नाल्यापर्यंत ऐकू यायची. उतारावर गिअर बदललेला कळायचा. तेवढी ती जास्त वेळ असायची. ही वळली आणि संपली. कान लावला तर मंगरूच्या बकऱ्या.

तो कोंबडी घेऊन आला. रिकामं अंगण पाहून म्हणाला, "भाऊ, लाइन लय जोरदार निंगाली."

दुसऱ्या दिवशी सुधाकरला गाठलं. "ही लाइन थोडी हळू कराचं काही जमते का?"

"म्हणजे? काही जळलं का?"

"नाई."

"बिल जास्त आलं?"

"नाई."

"मंग?"

"सांगतलं तेवढं कर."

तो म्हणाला, "भाऊ, लोकं लाइन वाढवून मागतात. कमी कर म्हणणारे तुमी पहिले." केलं काही नाहीच, वर सांजपर्यंत गावभर सांगून मोकळा. तिथून ऊर्जानगर किती दूर?

वंदनाचा फोन आला. "बाबा, लाइन हळू काऊन पाहिजे तुमाले?"

"सुधाकरले काय समजते?"

सुधाकरचं तिनं तिथंच सोडलं. मग म्हणाली, "हळू चार्जिंगची सोय गाडीतच आहे. मीच लावून देते येत्या शनिवारी. पण बाबा, नुसतं राहून जाय म्हटलं असतं त मी काय नाई म्हणणार होती?"

मी म्हटलं, "रेंज नाई इथी," आणि फोन ठेवला. रेंज होती.

शनिवार जवळ आला आहे. फोनवरचं बोलणं कुंपणापलीकडून मंगरूनं ऐकलं होतं. तो रोज विचारतो, "म्हणसान ना भाऊ?" मागच्या दारी कोणी नसताना मी बोलून पाहतो. राहून जाय. दोनच शब्द. पहिला निघतो, दुसरा आतच राहतो.

खड्डा सोपा होता.