आता एकाचं नाव सांगा

माझे बाबा बोलणारे माणूस. जळगाव जामोदला आमच्या वस्तीत जयंतीचा कार्यक्रम असो, कोणाचा साखरपुडा असो की विहारात पाहुण्यांचं स्वागत असो, माइक शेवटी त्यांच्याच हातात यायचा. नोकरी एका सरकारी कार्यालयात शिपायाची. पण इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते उभे राहिले की साहेब लोकसुद्धा गप्प बसून ऐकायचे. ते नेहमी म्हणायचे, "ज्याले बोलता येत नाही, त्याच्या वतीनं दुसरे बोलतात. अन् दुसरे आपल्या सोयीचं बोलतात."

मी त्यांचा एकुलता मुलगा आणि मला बोलता येत नव्हतं.

म्हणजे अगदीच मुका नव्हतो. समोर एक माणूस असला की मी नीट बोलतो. दोघं असले तरी निभतं. त्यापुढे गेलं की काहीतरी बिघडतं. लोक बोलत असतात, मध्ये एक फट पडते. त्या फटीत आपण शिरायचं असतं. माझं वाक्य जुळून तयार होईपर्यंत दुसरा कोणीतरी शिरलेला असतो. एसटी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. मी आपला दारापाशी, आतले उतरायची वाट पाहत उभा.

सातवीत असताना बाबांनी मला जयंतीच्या स्टेजवर भाषणाला उभं केलं होतं. पहिलं वाक्य मी म्हटलं, पुन्हा तेच म्हटलं, परत तेच. बाबांनी हळूच माइक घेतला आणि म्हणाले, "थकलं हो आमचं लेकरू." सगळे हसले. प्रेमानंच हसले असणार. मला मात्र ते प्रेम त्या वेळी ओळखू आलं नाही.

बी.एस्सी. झाल्यावर मला वाटलं होतं की आता सुटलो. रसायनशास्त्र घेतलंय, प्रयोगशाळेत काम मिळेल, काचेच्या नळ्यांशी काय बोलायचं? पण हल्ली कंपन्या एकेकट्याला बोलावतच नाहीत. बुलढाण्याच्या एका कॉलेजात मुलाखती होत्या, तिथे आम्हाला गोल करून बसवलं आणि विषय दिला: मोबाइलमुळे माणसं जवळ आली की दूर गेली. मुलं-मुली तुटून पडल्या. मी प्रत्येकाकडे बघून मान हलवत होतो. शेवटी मॅडमनी माझ्याकडे पेन रोखून विचारलं, "निळा शर्ट, तुम्हाला काही म्हणायचंय?"

"सगळ्यांचं बरोबर आहे," मी म्हणालो.

परतताना राजूर घाटात बस वळणं घेत होती आणि तेच वाक्य डोक्यात फिरत होतं. सगळ्यांचं बरोबर आहे.

घरी आल्यावर बाबांनी हे मनावर घेतलं. रोज जेवणं झाली की स्वयंपाकघरात ते, आई, ताई आणि मी गोल बसायचो. ताई मॅडम व्हायची. "विषय आहे, शेतात कापूस घ्यावा की सोयाबीन. करा सुरू!" आई चार वाक्यं बोलून कंटाळायची. "पोराच्या मागं काऊन लागले तुम्ही? सुखानं जेवू तरी द्या त्याले." पण बाबा हटायचे नाहीत. मी बोलताना मुद्दाम मध्येच तोंड घालायचे. एकदा मीच त्यांना मध्ये तोडलं, "थांबा बाबा, माहं होऊ द्या." ते इतके खूश झाले की मांडीवर थाप मारून म्हणाले, "अस्सं! तिथं समोर मीच बसून हाओ असं समज."

मला तेव्हाच माहीत होतं की तिथे ते बसलेले नसणार.

पुढची मुलाखत खामगावला होती, एका खाद्यतेलाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेतल्या जागेसाठी. बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी साखरखेर्ड्याची एक मुलगी बसली होती. तिनंही रसायनशास्त्रच घेतलं होतं. हातातला रुमाल पिळून पिळून तिनं त्याची दोरी केली होती. ती म्हणाली, "मला ना, लोकांसमोर घशाला कोरडच पडते." मी माझी पाण्याची बाटली पुढे केली. मग आम्ही बराच वेळ बोललो. तिच्या कॉलेजातल्या फुटक्या ब्युरेटच्या नळीबद्दल, माझ्या सरांच्या ॲसिडनं जळालेल्या बाहीबद्दल. आपल्यासारखं दुसरं कोणी असतं हे कळून मला एकदम हलकं वाटलं. आम्ही एकमेकांचे नंबरही घेतले.

आत लांब टेबल, थंडगार एसी, समोर एक साहेब आणि एक मॅडम. आम्ही सात-आठ जण. एका गावात आधी काय करावं, रस्ता, शाळा की पाणी, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं होतं. पुण्याहून शिकून आलेला एक मुलगा लगेच सुरू झाला. सफाईदार, हसरा, दुसऱ्याचं वाक्य अर्ध्यातून उचलून स्वतःचं करायची कला त्याला अवगत होती. मी स्वयंपाकघरात सराव केलेलं वाक्य तयार ठेवलं होतं. फट दिसली आणि मी शिरलो, "मला एक मुद्दा मांडायचा आहे."

सगळे वळले. तो मुलगाही थांबला आणि मोठेपणानं म्हणाला, "हो, हो, बोल ना."

तेवढ्यानंच घात झाला. सगळ्या नजरा अंगावर आल्या आणि पाठ केलेली भाषा गळून पडली. मी म्हणालो, "आमच्या भागात बोअरचं पाणी खारं लागते. मले वाटते, आधी पाणी... म्हणजे मला वाटतं..." कोणीतरी ओठ मिटून हसलं. मी स्वतःला दुरुस्त करण्यात अडकलो आणि मुद्दा राहूनच गेला. 'पाण्यावर सगळ्यांचं एकमत आहे' असं म्हणून त्या मुलानं तो पूर्ण केला. शेजारची साखरखेर्ड्याची मुलगी तर तोपर्यंत एकच वाक्य बोलली होती.

मग साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "शेवटचा टास्क. समजा, तुमच्यातल्या एकाला आम्ही आत्ता घरी पाठवणार आहोत. प्रत्येकानं एकाचं नाव सांगायचं. कारणासकट."

सुरुवात तिच्यापासून झाली. ती टेबलाकडे बघत राहिली. मग तिनं माझं नाव घेतलं. "ते फारसे बोलले नाहीत."

तिच्यापुढच्यानं माझंच नाव घेतलं. त्याच्यापुढचीनंही. वाट सापडल्यावर माणसं कशी भरभर चालतात, तसं झालं. कारणं लांबत गेली. आत्मविश्वास कमी आहे. टीममध्ये मिसळणार नाही. "मुलगा चांगला आहे, पण..." असं पुण्याहून आलेला म्हणाला आणि खरंच वाईट वाटल्यासारखा चेहरा केला. त्यांच्यापैकी कोणीही दुष्ट नव्हतं. उलट प्रत्येकाच्या आवाजात सुटल्याचा आनंद होता, तो मला स्पष्ट ऐकू येत होता. मी हसत होतो. का हसत होतो, ते आजही कळत नाही. गाल दुखायला लागले तरी हसू काही उतरेना.

"आणि तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

वाक्य तयार होतं. आयुष्यात पहिल्यांदाच वेळेवर तयार होतं: माझ्या शेजारच्या माझ्यापेक्षाही कमी बोलल्या. खरं होतं, छोटं होतं, आणि बोलायला पाहिजे तेवढी मोकळी जागा समोर होती. मी तिच्या हातातल्या रुमालाकडे पाहिलं.

"मले नाही सांगता येत," मी म्हणालो.

"सांगावं लागेल. हा टास्क आहे."

"नाही सर."

"म्हणजे तुम्हाला निर्णय घेता येत नाही," साहेब म्हणाले. रागावले नाहीत, समोरच्या कागदावर काहीतरी लिहून पुढे गेले.

बाहेर पडल्यावर मी थेट स्टँडवर आलो. थोड्या वेळानं तीही आली. तिची चिखलीकडची गाडी लागायची होती. ती लांबच उभी राहिली, मग जवळ आली.

"मी तुमचं घेतलं नसतं तर सगळ्यांनी माझं घेतलं असतं."

"माहीत हाय."

"राग आला?"

"नाही." ते खोटं होतं.

"मग तुम्ही माझं का नाही घेतलं? तुम्हाला तर जमलं असतं."

मोठेपणा होता म्हणावं, तर तो मला तेव्हा जाणवला नाही. भित्रेपणा होता म्हणावं, तर 'नाही सर' म्हणताना भीती वाटली नव्हती. गाडी आली, ती चढली. दोन-तीन दिवसांनी तिचा मेसेज आला, 'झालं माझं', आणि पुढे जोडलेले हात. मी 'अभिनंदन' टाइप केलं, खोडलं, शेवटी संध्याकाळी पाठवलं.

मुलाखतीच्या दिवशी बाबा मोटारसायकल घेऊन जळगाव जामोदच्या स्टँडवर आले होते. हेल्मेट काढायच्या आधीच त्यांनी विचारलं, "बोलला न?"

"बोललो."

पण पुढे जाऊन एका चहाच्या टपरीवर थांबलो आणि मी सगळं सांगितलं. माझं नाव सगळ्यांनी घेतलं, हेही. ते ऐकत गेले तसतशी त्यांच्या मानेची शीर ताठ होत गेली.

"एकाचं नाव सांगा? ही काय पद्धत झाली? माणसं हायेत का कोंबड्या? त्यातल्या एकानं तरी म्हणाले पाहिजे होतं, का हे बरोबर नाही म्हणून!"

"तुम्ही म्हणाले असते, बाबा?"

मी टोचायला विचारलं नव्हतं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं. हा माणूस शब्दासाठी अडलेला मी कधी पाहिला नव्हता. चहावर साय धरली. टपरीवाल्यानं दुसरी खेप उकळायला टाकली.

"नोकरी पाहिजे असती तं," ते म्हणाले, "नसतो म्हणालो." मग कप बाकावर ठेवत, "मी बी कोणाचं तरी नाव घेतलं असतं."

त्यानंतर स्वयंपाकघरातला सराव बंद झाला. आईनं कारण विचारलं नाही. मला वाटलं होतं की सुटल्यासारखं वाटेल. पण जेवणं झाल्यावर बाबा टीव्हीसमोर नुसते बसून राहायचे, तेव्हा घर जास्तच शांत वाटायचं.

आता मी देऊळगाव राजाला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आहे, कंत्राटी. इथली मुलाखत एकाच साहेबांनी घेतली. त्यांनी कामाचं विचारलं, मी कामाचं सांगितलं. गावोगावचं पाणी बाटल्यांत भरून येतं. क्षार, नायट्रेट, आम्लता बघायची आणि नोंद करायची. हे काम मला येतं, आवडतं.

पण दर सोमवारी बैठक असते. रविवारी संध्याकाळपासून मी पहिलं वाक्य घोकत बसतो. इतक्या वर्षांत एकच युक्ती सापडली: फट पडायच्या आधीच, सगळ्यांत पहिल्यांदा आपणच बोलून टाकायचं. नमस्कार होताच मी सुरू करतो आणि दोन मिनिटांत संपवतो. त्यामुळे इथले लोक मला उत्साही समजतात. मागच्या महिन्यात साहेबांनी याच समजुतीतून मला बुलढाण्याला पाठवलं, जिल्ह्याच्या बैठकीत आमच्या तालुक्याचं काम मांडायला.

मी गेलो. उभा राहिलो, बोललो. टाळ्या वाजल्या, असं सोबत आलेला सहकारी सांगतो. मला त्यातला एकही शब्द आठवत नाही. गाडीत बसल्यावर त्यानं माझ्या शर्टाला हात लावला आणि चमकून म्हणाला, "अहो, तुम्ही तर घामानं पार ओले झालात! बरं नाही का?"

"हाव, थोडं," मी म्हणालो, आणि देऊळगाव येईपर्यंत खिडकीला डोकं टेकवून झोपल्यासारखं केलं.