रुमालावरचा फिका डाग

मुलाची जीन्स धुवायला घेतली तर खिशातून पेनाएवढी नळी निघाली. तिला चक्क हापूसचा वास. जाब विचारला तर साहेब म्हणतात, "आई, चिल. ई-सिगारेट आहे. यात धूर नाही, नुसती वाफ असते."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हे मी आधी ऐकलंय.

मी नऊ वर्षांची असेन. धायरीच्या घरी एका रविवारी बाबांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवलं. सिगारेट खोचून ओढायची एक नवी नळी त्यांनी आणली होती, आत धूर गाळायची सोय असलेली. एक झुरका त्यांनी नुसत्या सिगारेटचा घेतला आणि पांढऱ्या रुमालावर सोडला; दुसरा नळीतून. पहिला डाग तपकिरी पडला, दुसरा फिका पिवळा.

"बघा, विष नळीतच अडकतं!"

मी टाळ्या वाजवल्या. आई म्हणाली, "अहो, पण डाग पडलाच की." तिला कोण विचारतो!

तोवर बाबा अंगणात जाऊन ओढायचे. त्या दिवसापासून घरात, मला मांडीवर घेऊन ओढू लागले. नळी साफ करायचं काम माझं. खराट्याच्या काडीनं काढलेल्या काळ्या चिकट्याचा वास शाळेत डबा खातानाही बोटांना यायचा, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा!

बाबा खोकून खोकून गेले. आईनं तो रुमाल कितीदा उकळला. फिका डागसुद्धा निघाला नाही.

नळी मुठीत धरून मी मुलाला म्हटलं, "तुझ्या आजोबांसाठी टाळ्या वाजवल्या होत्या मी. तुझ्यासाठी नाही वाजवणार."