पोरीला सोबत म्हणून धावलो त्याची गोष्ट

मी मुलीच्या संरक्षणासाठी गेलो होतो, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून ते कुणाच्या लक्षात येणार नाही.

आम्ही ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये राहतो. माझी मुलगी प्राजक्ता तेव्हा वनरक्षक भरतीची तयारी करत होती. कॉलनीच्या मैदानाला चकरा मारून ती कंटाळली आणि तिने नवा मार्ग ठरवला. कॉलनीतून डांबरी रस्त्याने खाणीच्या जुन्या डोंगरांपर्यंत, डोंगरांवरून पायवाटेने पलीकडे, आणि जंगलाच्या कडेच्या रस्त्याने वळसा घालून घरी. चांगला सोळा किलोमीटरचा फेरा. (आमच्या बाजूला देवाने डोंगर जरा हात राखूनच दिलेत. उरलेले खाणीवाल्यांनी कोळशावरची माती उपसून उभे केले. आता त्यांच्यावर इतकी झाडी वाढली आहे की नवखा माणूस त्यांना खरे समजतो.)

त्या बाजूला वाघाचे पंजे उमटल्याची बातमी सारखी येत असते. म्हणून मी जाहीर केलं की पोरगी एकटी जाणार नाही, मी सोबत धावणार. बायकोने चहा गाळता गाळता विचारलं, गाडी घेऊन मागे मागे गेलं तर नाही का चालत? मी म्हटलं, कॉलेजात असताना मी रोज धावायचो.

"बस पकडाले धावत होते तुमी," ती म्हणाली.

हे खरं होतं, पण सकाळी सकाळी सांगायची गरज नव्हती.

एप्रिलची पहाट होती. पहिले दोन किलोमीटर मी झकास धावलो, कारण रस्ता सपाट होता आणि पहिल्या पाळीची बस आमच्या खात्यातली माणसं घेऊन शेजारून चालली होती. छाती काढून मी सगळ्यांना हात केला. बस वळणाआड गेली तशी छाती जागेवर आली. चढ लागल्यावर प्राजक्ता वर जायची, मला बघायला खाली यायची, पुन्हा वर जायची. माझ्यामुळे ती प्रत्येक डोंगर दोनदा चढली. तिसऱ्या डोंगराच्या माथ्यावर मी एका दगडावर बसलो, तेव्हा ती हळूच म्हणाली, "बाबा, तुमी इथीच बसा. मी चक्कर मारून तुमाले घेऊन जाईन. हलू नका."

ती गेली. संरक्षण करायला आलेला माणूस दगडावर, आणि जिचं करायचं ती जंगलाच्या रस्त्यावर! मला ते सहन होईना. एक पायवाट सरळ खाली उतरत होती. तिने गेलो तर पोरीच्या आधी रस्त्याला लागू, आणि ती येईल तेव्हा कमरेवर हात ठेवून उभे असू, असा हिशेब मी केला. माझा मोबाइल तिच्या कमरेच्या पाऊचमध्ये ठेवायला दिला होता, कारण माझ्या खिशात असला की पँट खाली येत होती.

दहा मिनिटांत पायवाट संपली आणि मोहाची झाडं लागली. खाली फुलांचा सडा, हवेत तो गोड आंबूस वास. मोह पडला की अस्वल येतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. मला ते आठवायला आणि समोरच्या झुडपात काहीतरी काळं हलायला एकच गाठ पडली. त्याने जोरात फुर्र केलं. त्यानंतर मी एका मोहाच्या झाडावर होतो. कसा चढलो हे मला आजही सांगता येत नाही.

थोड्या वेळाने टोपली घेऊन एक म्हातारी बाई आली आणि शांतपणे माझ्याच झाडाखाली फुलं वेचू लागली. मी वरून कुजबुजलो की बाई, पळा, अस्वल आहे. तिने वर बघितलं, मग झुडपाकडे बघितलं.

"ते माही वगार व्हय जी," ती म्हणाली. "म्हशीचं पिल्लू."

मी फांदीवरची पकड जरा सैल केली.

"आन् भाऊ, अस्वल असतं ना, तर ते बी याच झाडावर आलं असतं. त्याले मोहाचं झाड चढता येते."

उतरायचं म्हटलं तर पाय खालच्या फांदीला पुरेना. बाईने काठी पुढे केली, पण काठीच्या आधाराने उतरावं असं माझं वजन नव्हतं.

इकडे प्राजक्ता अर्ध्या वाटेवरून परत फिरली होती. मला एकटं सोडून तिचं मन लागेना. दगडावर मी नव्हतो. तिने हाका मारल्या, उत्तर नाही. मग मातीत माझ्या नव्या बुटांचे ठसे दिसले आणि त्यांचा माग काढत ती खाली आली. झाडाखाली पोचली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता. मला वाटलं होतं, हसेल. ती हसली नाही. तिने झाडाला हात टेकले, दोन-तीन श्वास घेतले आणि म्हणाली, "हलू नका म्हटलं होतं ना, बाबा." त्या दिवशी मला खरी लाज वाटली ती तेव्हा. मग तिने खांदा पुढे केला. चौऱ्याऐंशी किलोचा बाप त्या खांद्यावर पाय देऊन खाली आला.

तिने आईला फोन केलाच होता. बायको स्कूटर घेऊन रस्त्यावर उभी होती. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि फक्त "बसा" म्हणाली. प्राजक्ता पुढे धावत, आम्ही मागे.

आता प्राजक्ता वनरक्षक आहे. मोहाच्या दिवसांत गावोगाव जाऊन जंगलात काय करू नये ते सांगते. मागच्या वर्षी सावली तालुक्यातल्या एका गावात तिचं बोलणं ऐकायला आम्ही दोघं गेलो होतो. तिने झाडावर चढलेल्या एका गृहस्थाची गोष्ट सांगितली, नाव न घेता. लोक खूप हसले. कुणाला संशय येऊ नये म्हणून मी सगळ्यांत जोरात हसलो. पुढे बसलेल्या एका आजोबांना मात्र हसू आलं नव्हतं.

"पन असा मानूस घरच्यायनं जंगलात सोडलाच काऊन?" त्यांनी विचारलं.

"आता नाई सोडत जी," प्राजक्ता म्हणाली.

माझ्या शेजारी बसलेल्या बायकोने तेवढ्यात माझी बाही घट्ट धरली. मी नुसता पाणी प्यायला उठत होतो.